उरची थडगी: सोनं बाजूला ठेवून जरा मण्यांकडे बघू या

खापरखुणा

ब्रिटिश म्युझियमच्या ५६ क्रमांकाच्या दालनात गर्दी असते ती सोन्याभोवती, नाहीतर ‘झुडपातला मेंढा’ म्हणून गाजलेल्या त्या बोकडाभोवती. (मेंढा नाहीच तो. खोदणाऱ्या लेनर्ड वूलीला बायबलमधली अब्राहमची गोष्ट आठवली आणि नाव चिकटलं ते चिकटलंच.) माझं म्हणणं असं की उरच्या थडग्यांत खरं निरखून बघावं असं काही असेल तर ते लाल दगडाचे मणी. आणि त्या खालोखाल, या सगळ्या वस्तू मातीतून काचेच्या कपाटापर्यंत पोचल्या कशा, ते.

पार्श्वभूमी थोडक्यात. उर म्हणजे आजच्या दक्षिण इराकमध्ये नासिरियाजवळचं तेल अल-मुकय्यर. १९२२ ते १९३४ या काळात ब्रिटिश म्युझियम आणि पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाच्या म्युझियमने मिळून तिथे उत्खनन केलं. स्मशानभूमीत सुमारे १८०० कबरी निघाल्या, त्यातल्या १६ कबरींना वूलीने ‘राजेशाही’ म्हटलं. काळ साधारण इ.स.पू. २६०० ते २४५०. म्हणजे इकडे मोहेंजोदडो आणि हडप्पा भरात होती तोच.

वूलीबद्दल लोक बरंवाईट बोलतात, पण त्याच्या संयमाला मानलं पाहिजे. पहिल्याच हंगामात एका चरात सोन्याचे मणी निघायला लागले. दुसरा कोणी असता तर तिथेच तंबू ठोकून बसला असता. याने चर बंद केला, कारण मजुरांचा हात अजून बसला नव्हता. स्मशानभूमीला पुन्हा हात लावला तो १९२६ मध्ये. दरम्यान हमूदी नावाच्या मुकादमाच्या हाताखाली माणसं तयार झाली. सापडलेली वस्तू जागची न हलवता दाखवली की मजुराला बक्षिसी मिळे, आणि तीही बाजारातला सोनार देईल त्याच्या तोडीची, म्हणजे चोरून विकण्यात फायदाच उरू नये.

आता मुख्य अडचण. लाकूड साडेचार हजार वर्षांत कुजून जातं. मग लाकडावर जडवलेली नक्षी उरते कशी? उत्तर असं की हवेत, म्हणजे मातीतल्या पोकळीत उरते. तंतुवाद्याचा दांडा कुजला की त्याच्या आकाराचं भोक जमिनीत राहतं. वूलीने अशा भोकांत पातळ प्लास्टर ऑफ पॅरिस ओतलं, ते घट्ट झाल्यावर भोवतालची माती काढली, आणि कुजून गेलेल्या वाद्याचा साचा हातात आला. जिथे पोकळी नव्हती, नुसते शिंपल्याचे आणि लाजवर्दचे (निळ्या मौल्यवान दगडाचे) तुकडे मातीत पसरले होते, तिथे वितळलेलं मेण आणि मलमलीची पट्टी. मेण ओतायचं, कापड दाबायचं, गार झालं की अख्खा थर उचलायचा.

‘स्टँडर्ड ऑफ उर’ म्हणून जी पेटी दाखवतात ती अशीच आली. साधारण ४९ सें.मी. लांब, २१ सें.मी. उंच. एका बाजूला लढाई, दुसऱ्या बाजूला मेजवानी. डांबरात बसवलेले शिंपले, लाल चुनखडक आणि निळा लाजवर्द. वूलीला वाटलं ही काठीवर मिरवायची वस्तू असावी. आज काहींना वाटतं की तो एखाद्या वाद्याचा पोकळ खोका असेल. म्हणजे साऱ्या जगाच्या पाठ्यपुस्तकांत जिचा फोटो आहे त्या वस्तूचा उपयोग काय, हे कोणी छातीठोकपणे सांगत नाही.

आणि मणी. सुमेरमध्ये, म्हणजे उर ज्यात होतं त्या दक्षिण मेसोपोटेमियात, दगड नाही, धातू नाही, बरं लाकूड नाही. आहे ती माती, बोरू आणि डांबर. त्यामुळे तिथल्या एका थडग्यात निघालेल्या पुआबी राणीच्या अंगावर जे काही होतं त्यातलं जवळजवळ सगळं दूरवरून आलेलं. लाजवर्द अफगाणिस्तानातल्या बदख्शानचा. आणि लाल अकीक, विशेषतः ते लांबट, मध्ये फुगीर, दोन्ही टोकांना निमुळते मणी आणि पांढऱ्या रेघांची नक्षी असलेले मणी, हे सिंधू संस्कृतीच्या कारागिरांचं काम. त्या दालनात जाल तेव्हा एक लांब मणी शोधा आणि त्याचं भोक आरपार किती सरळ गेलंय ते बघा. हातात लोखंड नसताना!

नाममात्रच

वाचनखूण साठवली आहे. पुढील भागाच्या प्रतीक्षेत.

बडोद्याचा_बाळू

अकीकाचा विषय निघालाय तर माझे दोन पैसे. आमच्याकडून खंभात दोन तासांच्या आत आहे आणि हे काम तिथे अजून चालतं. दगड येतो तो भरूच जिल्ह्यातल्या रतनपूर भागातून, जिथे बाबा घोर यांचा दर्गा आहे आणि सिद्दी लोक ज्यांना मानतात.

खाणीतून निघालेला दगड लाल नसतो, मातकट पिवळसर असतो. आधी तो उन्हात वाळवतात, मग मडक्यांत भरून लाकडाच्या भुशात किंवा शेणीच्या राखेत मंद भाजतात. आतल्या लोहाचा रंग बदलतो आणि दगड लाल होतो. घाई केली की तडकतो. म्हणून एका भाजणीत हवी तशी लाली येईलच असं नाही, पुन्हा पुन्हा भाजावा लागतो.

मग घडणी. कारागीर मांडी घालून बसतो, समोर जमिनीत तिरपी रोवलेली लोखंडी पहार. दगड पहारीच्या टोकाला टेकवायचा आणि वरून म्हशीच्या शिंगाच्या हातोडीने हलका ठोका द्यायचा. कपची उडते ती पहारीच्या बाजूने, हातोडीच्या बाजूने नाही. पहिल्यांदा बघणाऱ्याला हे उलटंच वाटतं. शिंग का, तर ते किंचित दबतं, त्यामुळे दगड फुटत नाही, सोलतो.

भोक पाडायला आज हिऱ्याची कणी बसवलेला सामता वापरतात. सिंधू काळात हिराही नव्हता. त्यांनी एक विलक्षण कठीण दगड वापरला, ज्याला अभ्यासकांनी चन्हुदडो खोदणाऱ्या अर्नेस्ट मॅके यांच्यावरून ‘अर्नेस्टाइट’ नाव दिलं. सिंधू संस्कृतीचे अभ्यासक मार्क केनॉयर यांनी प्रयोग करून बघितलंय. तासाला जेमतेम दोन-अडीच मिलिमीटर भोक जातं. कराचीजवळ अल्लाहदिनो इथे ३६ लांब मण्यांचा कमरपट्टा सापडला. तो एक पट्टा करायला ४८० दिवसांचं काम लागलं असेल असा त्यांचा हिशेब आहे. आता राणीला तो दगड सोन्याइतका का वाटत असेल ते कळतं.

पैलतीरी

मी फिलाडेल्फियाच्या बाजूला राहते. पुआबीचा शिरपेच आमच्याकडे, पेन म्युझियममध्ये आहे, लंडनला नाही. लोक लंडनला जाऊन शोधतात म्हणून सांगते.

फोटोत जे दिसतं त्यापेक्षा तो बराच मोठा आहे. खाली सोन्याच्या फितीचे वेढे, त्यावर पानांच्या माळा, मागे उंच फणी आणि तिच्यावर सोन्याची फुलं. कानातली डूलं तर इतकी थोरली की पहिल्यांदा मला ती कानातली वाटलीच नाहीत. सुरुवातीला हा शिरपेच ज्या चेहऱ्यावर बसवला होता तो चेहरा वूलीच्या बायकोने, कॅथरिनने घडवला होता. त्यामुळे जुन्या पुस्तकांतली ‘राणी’ म्हणजे कॅथरिनबाईंच्या कल्पनेतली राणी.

पण मला सांगायचंय ते पानांबद्दल. त्यातली काही पानं तीन-तीनच्या झुबक्यात आहेत. वर्षानुवर्षं ती कुठल्या झाडाची यावर नुसते अंदाज होते. २००८ साली तीन अभ्यासकांनी पानाचं टोक, देठ, शिरा सगळं जुळवून दाखवलं की ती शिसमची आहेत, म्हणजे उत्तर भारतात आणि सिंधच्या नदीकाठाला वाढतो तो सिस्सू. इराकच्या मातीत ते झाड मुळातलं नाही. पूर्वेकडून लाकूड जात होतं, त्याबरोबर झाडाची ख्यातीही गेली असावी. सोनाराने ते पान स्वतः पाहिलं होतं की कुणाच्या सांगण्यावरून घडवलं, देव जाणे.

रणशिंग७७

म्हणजे मणी आपले, पानं आपली, लाकूड आपलं. मग राणी पण आपलीच की! संस्कृती इथून तिकडे गेली हे सरळ आहे. पाश्चात्य लोक हे दाबून ठेवतात.

खापरखुणा

रणशिंग, थोडं सबुरीनं. लाजवर्द बदख्शानचा आहे, तांबं बरंचसं ओमानमधून यायचं. या हिशेबाने सुमेर अफगाण्यांनी आणि ओमानींनी वसवलं म्हणावं लागेल. पुआबीचं नाव तिच्या दंडगोल मुद्रेवर कोरलेलं आहे आणि ते अक्कादी, म्हणजे तिथल्याच एका भाषेच्या, धाटणीचं आहे. त्या मुद्रेची आणखी एक गंमत अशी की तिच्यावर नवऱ्याचा उल्लेख नाही. बाई स्वतःच्या बळावर काहीतरी होत्या.

आणि दाबून कोणी ठेवलं? उरमध्ये भारतीय धाटणीच्या मुद्रा सापडल्या हे सिरिल गॅड या ब्रिटिश म्युझियमच्याच अधिकाऱ्याने १९३२ मध्ये छापून जाहीर केलं. मोहेंजोदडोचा शोध जगाला कळून तेव्हा दहा वर्षंही झाली नव्हती.

सुताराची_सून

रणशिंगना उलट प्रश्न. एवढा माल तिकडे गेला तर इकडे काय आलं? हडप्पा, मोहेंजोदडो, लोथल, धोलावीरा, इथे मेसोपोटेमियाच्या वस्तू इतक्या कमी का?

बडोद्याचा_बाळू

प्रश्न चांगला आहे आणि त्यावर सर्वमान्य उत्तर अजून नाही. बहुतेकांचा कल असा की तिकडून यायचं ते लोकरीचं कापड, धान्य, तेल, म्हणजे न टिकणारं. मोबदला जमिनीत खुणा न ठेवता संपून गेला.

लिखित पुरावा मात्र त्यांच्याकडचा भक्कम आहे. अक्कादचा सार्गोन (इ.स.पू. २३०० च्या आगेमागे) फुशारकी मारतो की मेलुह्हा, मगान आणि दिल्मुनची जहाजं आपण अक्कादच्या धक्क्याला लावली. दिल्मुन म्हणजे बहारीन आणि आसपासचा भाग, मगान म्हणजे ओमान, मेलुह्हा म्हणजे बहुतेक अभ्यासकांच्या मते सिंधू प्रदेश. पॅरिसच्या लूव्हरमध्ये शू-इलिशू नावाच्या माणसाची मुद्रा आहे. त्याचा हुद्दा ‘मेलुह्हाच्या भाषेचा दुभाषा’. सिंधू लिपी आपल्याला वाचता येत नाही, आणि ती भाषा येणारा माणूस मुद्रेवर बहुधा मेलुह्हाच्या पाहुण्यांसकट बसलेला आहे. डोकं आपटावंसं वाटतं.

रणशिंग७७

बरं, राणी नाही म्हणत. पण दुभाषा लागत होता म्हणजे आपली माणसं तिथे होती एवढं तर माना.

खापरखुणा

ते मान्यच. केनॉयर यांचा तर असाही तर्क आहे की काही मण्यांचे आकार तिथल्या गिऱ्हाइकाच्या पसंतीचे आहेत आणि तंत्र मात्र सिंधूचं, म्हणजे इकडचे कारागीर तिकडे जाऊन बसले असावेत. हे पटण्यासारखं आहे.

कंदिलाखाली

तुम्ही सगळे मणी मोजताय, पण त्या मणी घातलेल्या बायकांचं काय? ज्या खड्ड्याला वूलीने ‘महामृत्यूचा खड्डा’ नाव दिलं त्यात ७४ जण होते, ६८ स्त्रिया आणि ६ पुरुष. रांगेत, नटूनथटून. प्रत्येकाजवळ पेला. वूलीने मांडलं की त्यांनी स्वखुशीने विष घेतलं आणि शांतपणे निजले. खूप वर्षं हेच सांगितलं गेलं, कारण ऐकायला बरं वाटतं.

पेन म्युझियमने उरच्या दोन कवट्यांचं सीटी स्कॅन केलं, एक दुसऱ्या कबरीतल्या पुरुषाची आणि एक या खड्ड्यातल्या स्त्रीची. दोन्हींना टोकदार जड हत्याराचा घाव होता. शिवाय प्रेतं भाजल्याच्या आणि पारा लावल्याच्या खुणा, म्हणजे विधी होईपर्यंत ती टिकवली गेली. दोन कवट्यांवरून ७४ जणांबद्दल बोलू नये हे मान्य, पण ‘शांतपणे निजले’ आता तरी म्हणू नये.

रसिकराजे

यावरून आपल्याकडच्या सतीशिळा आठवल्या.

कंदिलाखाली

रसिकराजे, सतीत विधवा जाते. इथे नोकरवर्ग गेला आहे: गाणारणी, सैनिक, गाडीवान, बैलांसकट. ही मालकीची गोष्ट आहे, लग्नाची नाही.

त्या खड्ड्यातली एक नोंद मात्र वूलीचीच आणि ती त्याने फार चांगली टिपली आहे. बहुतेक मुलींच्या केसांत सोन्याची नाहीतर चांदीची फीत होती. एकीच्या केसांत काहीच नाही. तिच्या कमरेपाशी चांदीची फीत गुंडाळी करून ठेवलेली सापडली, कपड्यात असल्यामुळे इतरांपेक्षा चांगली टिकलेली. वूलीचा अंदाज: तिला उशीर झाला, बांधायला वेळ मिळाला नाही.

पैलतीरी

हे वाचून थोडा वेळ काही सुचलं नाही.

चिंचपोकळी_धीमी

सुन्न करणारं आहे. पण धागा पुढे सरकावा म्हणून जरा मुंबईकडची माहिती. मेसोपोटेमियाचा आणि मुंबईचा संबंध अकीकापुरता नाही. १८४० च्या दशकात लेयार्ड या इंग्रज उत्खननकर्त्याने उत्तर इराकमधल्या निमरूदला असिरियन शिल्पं खणली, ती बसऱ्याहून जहाजाने मुंबईला यायची आणि इथून दुसऱ्या जहाजाने लंडनला जायची. प्रसिद्ध ‘काळा स्तंभ’सुद्धा असाच मुंबईमार्गे गेला. इथे बंदरात पेट्या उघडल्या गेल्या, बघ्यांनी बघून घेतलं, आणि परत भरताना चिल्लर वस्तूंची हेळसांड झाली. लंडनला पोचल्यावर बरीच बोंबाबोंब झाली.

छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात असिरियन राजवाड्यातल्या कोरीव शिळा आजही आहेत. लोक त्यांच्यासमोरून सरळ जातात. लंडनच्या तिकिटाआधी तिथलं तिकीट काढा की राव. २०१७-१८ मध्ये ब्रिटिश म्युझियमबरोबर मोठं प्रदर्शनही तिथेच भरलं होतं.

सुताराची_सून

वाद्यांबद्दल आणखी सांगा ना कोणीतरी. प्लास्टरचा साचा वाद्यासारखा वाजणार नाही.

खापरखुणा

वाजत नाहीच. दालनातलं ‘राणीचं लायर’ (लायर म्हणजे एक तंतुवाद्य) बघाल तर बैलाचं तोंड आणि जडावाचं काम अस्सल, लाकूड आधुनिक. त्यातही भानगड झाली होती. पुआबीच्या थडग्यात दोन वाद्यं एकमेकांवर कोसळून पडली होती. वूलीला ते एकच वाद्य वाटलं, आणि तसंच जोडलं गेलं. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला ते सोडवून नव्याने बांधलं. म्हणजे चाळीस वर्षं लोकांनी असं वाद्य पाहिलं जे सुमेरमध्ये कोणी कधी वाजवलंच नव्हतं. याबद्दल वूलीला शिव्या देण्यात अर्थ नाही. त्याने कुठला तुकडा कुठे होता याची नोंद ठेवली होती, म्हणून तर चूक पकडता आली.

नाममात्रच

बगदादच्या वाट्याला काय आलं मग? की सगळं हे दोघेच घेऊन गेले?

चिंचपोकळी_धीमी

वाटणी ठरलेली होती. ढोबळमानाने निम्मं इराकला, उरलेलं लंडन आणि फिलाडेल्फियात. १९२४ चा पुरातत्त्व कायदा गर्ट्रूड बेल यांनी आणला, बगदादचं म्युझियमही त्यांनीच उभं केलं. पण २००३ च्या एप्रिलमध्ये ते लुटलं गेलं. सुमारे १५,००० वस्तू गेल्या. वारकाची (प्राचीन उरुक शहराची) प्रसिद्ध फुलदाणी जूनमध्ये तीन माणसं गाडीतून परत आणून देऊन गेली, तुकड्यांत. संगमरवरी मुखवटा सप्टेंबरमध्ये एका शेतात पुरलेला सापडला. उरचं सोनेरी लायर मोडलेल्या अवस्थेत मिळालं. मूळ सोन्याचं डोकं बँकेच्या तळघरात होतं म्हणून वाचलं.

रणशिंग७७

यावर तरी म्हणू का की तिकडे लंडनमध्ये होतं ते बरं झालं? की म्हटलं तर पुन्हा शिकवणी सुरू होईल? (हलके घ्या.)

कंदिलाखाली

म्हणा, पण मग हेही म्हणा की २००३ ला तिथे फौजा कोणाच्या होत्या.

मिश्कीलशास्त्री

इतका गंभीर धागा, आणि एआ-नासिरचं नाव कोणी काढलं नाही? उरचाच तांब्याचा व्यापारी, इ.स.पू. १७५० च्या सुमाराचा. नन्नी नावाच्या गिऱ्हाइकाने त्याला ओल्या मातीच्या विटेवर दोन्ही बाजू भरून तक्रार लिहिली: चांगल्या तांब्याचं कबूल करून भिकार माल पुढे केलास, माझ्या माणसाला हाकलून लावलंस, तेही शत्रूच्या मुलखातून आलेल्या माणसाला. आणि मजा म्हणजे असल्या आणखी तक्रारी सापडल्या आहेत आणि त्याही त्याच व्यापाऱ्याच्या नावे. सोन्याच्या शिरपेचापेक्षा मला ही वीट जवळची वाटते.

सुताराची_सून

आमच्याकडे मात्र उरमधला सारीपाट सगळ्यात जास्त चालला. तो वीस घरांचा पट. पुठ्ठ्यावर आखून दिला तर दोन्ही पोरं तासभर गप्प. प्रत्येकी सात सोंगट्या. फासे चौकोनी नसून चार टोकांचे, दोन टोकांना खूण. फुलाच्या घरावरून मात्र भांडण चाललंय. तिथे सोंगटी बसली की सुरक्षित, की पुन्हा टाकायला मिळतं?

मिश्कीलशास्त्री

ब्रिटिश म्युझियमचे अभ्यासक आर्व्हिंग फिंकेल यांनी इ.स.पू. १७७ च्या बाबिलोनी विटेवरून जे नियम लावले ते वूलीच्या पटाहून दोन हजारांहून जास्त वर्षं नंतरचे आहेत, आणि त्यात बारा राशी, पैजा, खाण्यापिण्याच्या गोष्टी असं बरंच आहे. कोचीच्या ज्यू कुटुंबांत याच घराण्यातला खेळ अगदी विसाव्या शतकापर्यंत खेळला जात होता, हेही त्यांनीच शोधलं. पोरांसाठी सोपा प्रकार घ्या. फुलावर बसलं की पुन्हा टाकायचं, आणि मधल्या सामाईक रांगेतल्या फुलावर बसलेली सोंगटी मारता येत नाही. दोन्ही मिळतं. धाकट्याचं म्हणणं बरोबर निघालं असेल तर मोठ्याला हा प्रतिसाद दाखवू नका.

सुताराची_सून

थोरलीचं बरोबर निघालं. दाखवला. आता धाकटा फासे मोजतोय, एक गायब आहे म्हणतो.